सदतीस नंबरचा ऐन

नाथाजीनं टेप ऐनाच्या खोडाभोवती फिरवून आणला, गेरूच्या पट्ट्यावर नीट बसवला आणि आकडा वाचला. मग टेप सोडला, झटकला आणि पुन्हा फिरवला. आकडा तोच आला.

"किती?" खोडाच्या पलीकडून मनुबाईनं विचारलं. टेप खाली घसरू नये म्हणून तिनं तो दोन्ही तळव्यांनी सालीवर दाबून धरला होता.

"एकशे बेचाळीस. आनि वर एक रेघ."

"म्हंजे भरला की वो!" तिनं टेप सोडला, पदर कमरेला खोचला आणि झाडाला सरळ कवेत घेतलं. गाल सालीला टेकवला. "आवं, बगा तरी हिकडं. टोकाला टोक लागतंय नुसतं. गेल्या साली बोटं बोटांवर चढत हुती. नखभर आटला हुता बिचारा."

"व्हय, व्हय. सोड आता. साल टोचंल गालाला."

"टोचू द्या."

नाथाजी दगडावर टेकला आणि त्यानं वही मांडीवर घेतली. हिरव्या कापडी पुठ्ठ्याची सरकारी वही. सदतीस नंबर, ऐन. मागच्या सालच्या रकान्यात त्याच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, एकशे पंचेचाळीस. शेजारचा यंदाचा रकाना कोरा होता. त्याच्या वरचे छत्तीस रकानेही कोरेच होते. सकाळपासून तो झाडं मोजत होता, आकडे मोठ्यानं सांगत होता आणि एकही आकडा लिहीत नव्हता.

"लिव्हलंसा?" मनुबाई म्हणाली.

"लिव्हतो घरी. शाईनं लिव्हायचं असतं."

तिला ते पटलं. न पटायला काय झालं? वही, शाई, रकाने हा सगळा त्याचा प्रांत होता. मनुबाईला अक्षरओळख नव्हती.

शिराळ्याच्या पश्चिमेला, जिथं डोंगराच्या अलीकडं सांगली जिल्हा आणि पलीकडं सातारा, त्या उतारावर खात्यानं शंभर झाडं नंबर घालून राखली होती. ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा. प्रत्येकाला पत्र्याची चकती आणि छातीइतक्या उंचीवर गेरूचा पट्टा. माघात एकदा त्या पट्ट्यावर टेप फिरवायचा, घेर वहीत चढवायचा, नक्कल ऑफिसात पाठवायची. काम एवढंच. नाथाजी पलटणीत सात वर्षं काढून खात्यात गार्ड झाला तेव्हापासून हे काम त्याच्याकडं होतं, आणि खोटं कशाला बोला, त्याला त्याचा अभिमान होता. मजूर दोन मिळायचे. पण दुष्काळ पडला आणि मजूर खडी फोडायला रस्त्याच्या कामावर गेले. तेव्हा मनुबाई म्हणाली, टेप धरायला काय लागतंय, मी येते. ती जी आली ती मग दर साल येऊ लागली. घरात बसून काय करायचं, असं ती म्हणायची. खरी गोष्ट अशी की तिला झाडांचा लळा लागला होता.

आणि दुष्काळाच्या त्या पहिल्याच साली, एकाहत्तरच्या माघात, नाथाजीचं गणित चुकलं. म्हणजे चुकलं नव्हतंच. सदतीस नंबर सत्तर साली एकशे बेचाळीस होता. एकाहत्तरला टेप एकशे एक्केचाळीसच्या पुढं सात रेघांवर थांबला. तीन रेघा कमी. दुसरं झाड कमी, तिसरं कमी. नाथाजीनं जे दिसलं ते लिहिलं आणि वही घेऊन रेंजर साहेबांपुढं उभा राहिला.

तेव्हाचे रेंजर आता बदलून गेले. पण त्या दिवशी ऑफिसात कारकून होते, दोन ठेकेदार बसले होते, आणि साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असे हसले होते.

"झाड कधी बारीक होतं का रे? तुझी बायको आहे का ती, माहेरी जाऊन वाळायला? जा, पुन्हा मोज. आणि या खेपेला डोळे उघडे ठेवून मोज."

नाथाजीचे कान तापले. तो परत आला आणि एकट्यानं तीन दिवस शंभरच्या शंभर झाडं पुन्हा मोजली. आकडे तेच. तिसऱ्या दिवशी तो याच दगडावर बसला. पलटणीत शिकलेली एकच गोष्ट त्याच्या अंगात मुरली होती. साहेबानं एकदा चूक म्हटलं की ती चूक. त्यानं नवीन पान काढलं आणि सत्तर सालच्या प्रत्येक आकड्यात एक सेंटी मिळवला. सदतीस नंबर, एकशे त्रेचाळीस.

"आता कसं बरोबर आलं," रेंजर म्हणाले होते आणि सही ठोकली होती.

तिथंच तो अडकला. पुढच्या साली पाऊस आणखी ओढ देऊन गेला, झाडं आणखी आटली. खरं लिहावं तर गेल्या सालच्या खोट्याशी जुळेना. मग चव्वेचाळीस. मग पंचेचाळीस. दरवर्षी तो वर यायचा, टेप इमानदारीनं फिरवायचा, मनुबाईला खरा आकडा सांगायचा आणि घरी जाऊन दुसराच लिहायचा. न मोजताही लिहिता आलं असतं. पण तेवढं त्याच्या हातून होत नव्हतं.

यंदा पाऊस बरा झाला होता. झाडं पुन्हा पाणी पिऊन टरारली होती, आणि नाथाजीला वाटलं होतं की यंदा तरी खरं लिहून सुटता येईल. कसलं सुटता येतंय! यंदाचं खरं एकशे बेचाळीस आणि गेल्या सालचं खोटं एकशे पंचेचाळीस. पाऊस बरा झालेल्या साली शंभर झाडं तीन-तीन सेंटी खाली आली असं लिहिलं असतं तर साहेबांनी दारूच्या वासासाठी त्याचं तोंड हुंगलं असतं. म्हणजे यंदा शेहेचाळीसच. पुढच्या साली सत्तेचाळीस. निवृत्तीला वीस महिने उरले होते. एवढे दोन माघ काढायचे आणि मग नवा गार्ड आणि त्याचं नशीब, असं तो मनाशी म्हणायचा.

त्यातच पौषात टपाल आलं. पुण्याहून खात्याचे उपासनी साहेब ही नमुना झाडं बघायला येणार.

साहेब आज येणार होते, आणि दहाच्या सुमाराला खरंच आले. जीप वाडीत ठेवून एकटेच चढून वर आले. वय पस्तिशीचं, चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. आल्या आल्या त्यांनी चकत्या बघितल्या, पट्टे बघितले आणि नाथाजीच्या पाठीवर थाप मारली.

"इतकं नीट राखलेलं काम मी दुसरीकडं बघितलं नाही, नाथाजी. पट्टे दरवर्षी नवे करता?"

"व्हय साहेब. पट्टा हलला की मोजमाप हलतंय."

"बरोबर. हेच कुणाला कळत नाही."

मनुबाईनं किटलीतला चहा ओतून दिला. साहेबांनी तो उभ्यानंच घेतला. माणूस तसा साधा होता. नाथाजीला त्याचीच जास्त धास्ती वाटली. ओरडणाऱ्या साहेबापुढं कसं उभं राहायचं ते त्याला ठाऊक होतं.

"तुमच्या आकड्यांनी माझी झोप उडवलीय," साहेब पिशवीतनं कागद काढत म्हणाले. "दुष्काळात सगळी जंगलं मार खाऊन बसली. पाटणच्या बाजूला तर ऐन शेंड्याकडनं वाळलेत. आणि तुमच्या या उतारावर दर साल एक सेंटी! मी बेरीज तीनदा तपासली. मग नकाशा बघितला आणि लक्षात आलं. खाली झरा आहे ना?"

"हाय साहेब. वाडी त्याच्यावरच जगतीया. दुष्काळात तालुका टँकरवर हुता, आमचा झरा काय आटला न्हाई."

"तेच! या उताराच्या पोटात पाणी आहे. म्हणून झाडं थांबली नाहीत. आता मी योजना अशी केलीय की जे जंगल दमलंय त्याला दहा वर्षं विसावा द्यायचा. आणि तोडीचा कूप, म्हणजे तोडायचा तुकडा, धरायचा तो इथं, या जोमदार उतारावर. याला झेपेल. चैत्रापर्यंत मार्किंग, दिवाळीनंतर तोड. योजना वर गेलीय, पण माझं मन म्हणालं, एकदा डोळ्यांनी बघून यावं."

नाथाजीनं वही घट्ट धरली. त्याच्या एकेका सेंटीनं हा उतार कुऱ्हाडीखाली आला होता.

"ह्यो उतार तोडायचा?" मनुबाई मध्येच म्हणाली. किटली तिच्या हातात तशीच होती. "आनि साहेब, झरा वो?"

"झऱ्याला एकदम काही होत नाही, बाई. झाडं पुन्हा फुटतात."

"माझी सासू सांगायची, पल्याडच्या खोऱ्यातला डोंगर तोडून उघडा झाला तवा तिथली हीर आटली. ती काय पुन्हा फुटली न्हाई." तिनं किटली खाली ठेवली. "आनि झाडं दमली न्हाईत असं कोन म्हनतंय? तीन सालं आटत हुती ही. माझ्या हाताला ठाऊक हाय. ह्यो सदतीस नंबर, मी दर साल कवेत घेती ह्येला. गेल्या साली बोटं अशी बोटांवर चढायची."

तिनं हात पसरून दाखवलं. नाथाजीला वाटलं, साहेब आता हसतील. पण साहेब उत्सुकतेनं पुढं आले.

"बाई, तुम्ही म्हणता तसं होतं बरं का. पाणी कमी पडलं की खोड आकसतं. रेघ, दोन रेघा. पाऊस आला की पुन्हा फुगतं. बाहेरच्या देशांत मोजलंय लोकांनी. आपल्याकडं दुष्काळात असं कुणी मोजलेलंच नाही हो! डोंगरावरचा पाऊस पुढं असाच लहरी होत गेला तर ही झाडं किती तग धरतील, कुठं थांबतील, हे त्या आकड्यांवरनं सांगता आलं असतं. तसे आकडे कुणी माझ्या हातात दिले असते तर मी त्याच्या पाया पडलो असतो."

नाथाजी आ वासून ऐकत राहिला. झाड बारीक होतं. खरंच होतं. तीन वर्षं तो रात्री कूस बदलत होता की आपला टेप ताणलाय, आपली नजर गेलीय, आणि आकडे बरोबर होते. हसणारे साहेब चुकले होते. त्याला भयंकर राग आला आणि त्याच क्षणी रडू फुटायला झालं. सांगून टाकावं, असं वाटलं. आत्ताच.

साहेबांनी त्याच्या हातून वही घेतली आणि सदतीस नंबरवर बोट ठेवलं.

"पण इथं तसं झालेलं नाही. हे बघा. त्रेचाळीस, चव्वेचाळीस, गेल्या साली एकशे पंचेचाळीस. सरळ चढतच गेलंय."

"एकशे पंचेचाळीस?" मनुबाई म्हणाली. "गेल्या साली? न्हाई साहेब. एकशे एक्केचाळीस आनि दोन रेघा. टेप मीच धरला हुता. ह्येंनीच सांगितलं मला."

साहेबांनी चष्म्यावरून नाथाजीकडं बघितलं.

"काय हो, नाथाजी?"

किंजळीवर कुठंतरी सुतार पक्षी ठोकत होता. मनुबाई नवऱ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर शंका नव्हतीच. हे आता साहेबांना नीट समजावून सांगतील, एवढाच भरवसा होता. वीस महिने, नाथाजीच्या डोक्यात आलं. खात्याची चौकशी, वाडीत छीथू, आणि उतरत्या वयात हातात काही नाही.

"तिच्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई, साहेब," तो म्हणाला. "लिव्हता-वाचता येत न्हाई तिला."

साहेब समजुतीनं हसले. "असू दे, असू दे. माया आहे त्यांची झाडांवर. वहीत आहे ते खरं." त्यांनी वही मिटून परत दिली. "यंदाचे आकडे एवढ्या आठवड्यात पाठवा. तेवढे लागले की माझं काम संपलं."

मनुबाईनं साहेबांचा कप विसळला, किटलीचं झाकण लावलं आणि खोचलेला पदर सोडून नीट डोक्यावर घेतला.

साहेब उतरू लागले तसा नाथाजी त्यांच्या मागोमाग वळणापर्यंत गेला. साहेबांनी मागं वळून विचारलंही, काही सांगायचंय का. "न्हाई साहेब, दगड सुटं हायत, जपून उतरा," एवढंच तो म्हणाला. खाली जीप सुरू झाल्याचा आवाज आला आणि धुरळा उडाला. तो परत आला तेव्हा मनुबाई टेप गुंडाळून तयार उभी होती. उरलेली त्रेसष्ट झाडं दोघांनी मोजली. त्यानं आकडा सांगितला तरी तिनं एकदाही "किती" म्हणून विचारलं नाही, आणि टेप धरण्यापलीकडं एकाही झाडाला हात लावला नाही.

घरी पोचायला दुपार कलली. तिनं त्याच्यापुढं भाकरी, कोरड्यास आणि कांदा ठेवला आणि स्वतः उंबऱ्याजवळ बसली. नाथाजीनं भाकरी मोडली.

"तू बी खा की."

"सायबानं वाचलं ते खरं, का तुमी मला सांगितलंसा ते?"

"तुला सांगितलं ते."

"तिन्ही सालं?"

"तिन्ही."

तिनं उंबऱ्यावर चढलेली कोंबडी हाकलली.

"मग मला कशापाई सांगत हुतासा? मला खोटं सांगितलं असतं तरी मला काय कळनार हुतं?"

नाथाजीनं भाकरी खाली ठेवली. त्यानं सगळं सांगितलं. रेंजर कसे हसले, ठेकेदार कसे हसले, तीन दिवस तो एकटा कसा मोजत होता, मग एका खोट्याला दुसरं खोटं कसं लावावं लागलं. ही गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. "एकाला तरी खरं सांगावं वाटायचं गं," तो शेवटी म्हणाला. "तू एकलीच हुतीस."

"व्हय. कारन मला वाचता येत न्हाई."

"तसं न्हवं."

"तसंच." तिचा आवाज चढला नाही. "चोरानं आंधळ्याफुडं माल मांडावा तसं मांडलंसा माझ्याफुडं. आनि आज सायबाफुडं मलाच खुळी केलीसा. माझा हात खोटा आनि तुमची शाई खरी."

"मनू, माझी नोकरी..."

"नोकरीचं मी काय बोलले का? मी झऱ्याचं बी बोलत न्हाई. तुमी समद्या वाडीला लिव्हून बुडवायला निगालासा, ते वाडी बगून घील. मी माझं इचारतीया. बत्तीस वर्सं झाली. तुमी वाचून दावलंसा ते मी ऐकलं. अंगठा लाव म्हनलासा तिथं लावला. त्यातलं खरं किती आनि खोटं किती, हे मला कसं कळायचं?"

ती उठली, कळशी घेतली आणि झऱ्याकडं गेली.

नाथाजी बसून राहिला. दारातनं डोंगराचा उतार दिसत होता. खरं सांगणारा अर्ज साहेबांना केला तर नोकरी गेली. न केला तर उतार गेला, आणि झऱ्याचं काय होणार ते कुणीच छातीठोक सांगू शकत नव्हतं. आणि काही केलं तरी ही बाई आता पूर्वीसारखी टेप धरायला येणार नव्हती. हे तिसरं त्याला सगळ्यांत जास्त लागलं. तो उठला. पलटणीत असलेल्या बाळासोला, त्यांच्या एकुलत्या एका पोराला, पत्रं लिहायचा कागद फळीवर होता. त्यातले दोन कागद त्यानं काढले, दौत उघडली आणि मांडी घालून बसला.

त्यानं लिहिलं की एकाहत्तर, बाहत्तर आणि त्र्याहत्तर या तिन्ही सालांचे शंभर झाडांचे आकडे त्यानं स्वतःच्या हातानं खोटे लिहिले. झाडांचा घेर त्या सालांत वाढला नव्हता, घटला होता. त्याला कुणी लिहायला सांगितलं नव्हतं, तो भ्याला म्हणून त्यानं लिहिलं. यंदाची झाडं पुन्हा मोजून खरे आकडे मागाहून पाठवतो. उतार जोमदार नाही, दमलेला आहे, तरी तिथं कूप धरू नये. आणि शेवटी लिहिलं की गार्डच्या बायकोनं साहेबांना जे सांगितलं ते अक्षर न अक्षर खरं होतं. सही केली. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलल्यासारखं झालं होतं, आणि भीतीही वाटत होती. दोन्ही एकदम.

मनुबाई आली. कळशी उतरवली, चुंबळ खुंटीला अडकवली.

"हिकडं ये," तो म्हणाला. "ऐक."

ती आली आणि समोर बसली. त्यानं अर्ज वाचला. एकेक शब्द सावकाश, काही न गाळता. तिच्याबद्दलची ओळही त्यानं वाचली. मनुबाई त्याच्या तोंडाकडं बघत नव्हती. कागदावर फिरणाऱ्या त्याच्या बोटाकडं बघत होती.

"पुन्यांदा वाचा," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा वाचला. शब्द तेच होते.

"सायबाला पाठवनार?"

"उद्या सकाळच्या टपालानं. जाऊ दे नोकरी. बगू पुढचं पुढं." आणि तिच्याकडं बघून तो कसंनुसं हसला. "आता तरी झालं का?"

तिनं हात पुढं केला. त्यानं कागद दिले. तिनं ते दोन्ही बाजूंनी बघितले, शाईवर हलकेच बोट फिरवलं आणि चौघडी करून कनवटीला लावले. मग तिनं पदर सारखा केला.

"कुटं निगालीस?"

"हरिबा मास्तरांच्याकडं. शाळा सुटली असंल. वाचून घेते त्यांच्याकडनं."

नाथाजी हसला, मग त्याचं हसू थांबलं. "अगं, मी आत्ता दोनदा वाचला की."

"व्हय. ऐकला मी दोनदा."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. बाजारला निघावं तशी ती सरळ आत गेली. देव्हाऱ्याजवळच्या कोनाड्यातनं काहीतरी काढल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बिस्किटांचा चौकोनी डबा होता. बाळासोची सगळी पत्रं त्यात होती. सहा वर्षांची. एकेक पत्र नाथाजीनं तिला याच उंबऱ्याजवळ बसून वाचून दाखवलं होतं, आणि एकेक तिनं कपाळाला लावून डब्यात ठेवलं होतं.

"ते कशाला?" तो म्हणाला.

"ही बी घेते वाचून. जातीच हाय तर."

"मनू, ऐक. त्यात काय हाय? तुला समदी वाचून दावलीत मी."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि उतरली. अंगण ओलांडलं, बांधावर चढली. डबा तिनं पोटाशी धरला होता. शाळा बांधापासून हाकेच्या अंतरावर होती.

नाथाजी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. हाक मारायला त्यानं तोंड उघडलं, पण काय म्हणून मारायची? डब्यात खालून कुठंतरी एकाहत्तरच्या डिसेंबरातलं पत्र होतं, लढाईच्या वेळचं, इस्पितळातनं आलेलं. आईला वाचून दाखवू नका, अशीच त्याची पहिली ओळ होती.